लक्ष्मीबाई नगरातली बोट

दिल्लीच्या पोस्टिंगचं नाव काढलं की गावाकडची माणसं विचारतात, परेड बघितली का, इंडिया गेट किती लांब. माझ्या दिल्लीतल्या दिवसांमधलं जास्तीत जास्त लक्षात राहिलंय ते एक पंधरा फुटी बोट. यमुनेतली नव्हे. आमच्या क्वार्टरच्या दारातली.

क्वार्टर सौ.च्या नावावर होता. ती सफदरजंगला नर्सिंगमध्ये, म्हणून लक्ष्मीबाई नगरात तळमजला मिळाला आणि मी कॅन्टोन्मेंटमधून रोज तिथे परतायचो. पुढे मेंदीचं कुंपण, आत चार पावलं रुंद आणि सात-आठ पावलं लांब मोकळी जागा, कोपऱ्यात कडुनिंब. आयएनए मार्केट जवळ, त्यामुळे मासळीची सोय. झाशीच्या राणीच्या नावाची वसाहत. राणी माहेरची तांबे, म्हणजे आपल्यातलीच, हे मी शेजाऱ्यांना आल्याआल्या सांगून टाकलं होतं. पाटीकडे बघून मला उगाच घरच्यासारखं वाटायचं.

२०१७ च्या नोव्हेंबरात मॅडमचा फोन आला. मी नवा सॅपर असताना खडकीला आमचे कंपनी कमांडर होते त्या साहेबांच्या या पत्नी. साहेब पेन्शनीत गेल्यावर फरिदाबादच्या बाजूला घर बांधून राहिले होते. दिवाळीला मी जाऊन पाया पडून यायचो. मॅडम म्हणाल्या, "सुभेदार, एक काम आहे. घर विकायचं ठरलंय. एप्रिलमध्ये आम्ही गोव्याला मुलीकडे जाणार. ही हवा त्यांना सोसत नाही. मागच्या शेडमधली ती बोट तेवढी भंगारवाल्याला देऊन टाकायची आहे. पण त्यांना कळू न देता."

साहेबांना पार्किन्सन होता. चार वर्षं झाली होती. डोकं लख्ख, आवाज बारीक झालेला, आणि दोन्ही हात थरथरायचे, उजवा जास्त.

मी रविवारी गेलो. मॅडमनी साहेबांना टीव्हीसमोर बसवलं आणि मला मागच्या दाराने शेडकडे नेलं. बोटीवर जुन्या गाद्या, एक कूलर आणि कबुतरांची घाण. अंगाला पांढरा-लाल रंग होता असं अंदाजाने म्हणायचं. ही बोट साहेबांनी एका बंद पडलेल्या क्लबकडून घेतली होती आणि बडखल तलावात चालवायचे. मागे दोरी, दोरीला लाकडाची मूठ, मुठीला माणूस, माणसाच्या पायात दोन फळ्या. वॉटर स्कीइंग. पुढे अरवलीत खाणी झाल्या, तलावाकडे येणारं पाणी तुटलं आणि बडखल कोरडा पडला. बोट राहिली, पाणी गेलं.

मी वाकून आत बघत होतो तेवढ्यात मागून आवाज आला. "बोर्ड बसलंय का?"

साहेब काठी टेकत आले होते. ज्यांनी फौजेत दिवस काढलेत त्यांना या प्रश्नाचा अर्थ सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. फौजेत कुठलीही वस्तू आपली नसते, ती लेजरवर असते. ती मोडली तर युनिटात दुरुस्त होते का बघायचं, नाही तर वर्कशॉपला पाठवायची. आणि दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या किमतीला परवडत नसेल तर तिच्यावर तीन अक्षरं पडतात, बीईआर. बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर. मग बोर्ड बसतं, सह्या होतात, वस्तू कंडेम. अशा बोर्डांवर मी मेंबर म्हणून किती वेळा बसलोय याची गणती नाही. तंबू, जनरेटर, ओबीएम, फुटलेल्या बोटी. सही करताना हात अडखळल्याचं आठवत नाही. अडखळूही नये, कारण पुरात जवानाला निकामी इंजिन देण्यापेक्षा ते कंडेम केलेलं बरं.

"बोर्ड नाही साहेब. नुसतं बघतोय," मी म्हणालो.

"मग बघून सांग. पण खरं सांग."

मी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्याच्या मुठीने तळ ठोकत गेलो. फायबरची बोट बघायची ही रीत आहे. धड असेल तिथे ठण्ण वाजतं, आतलं लाकूड सडलेलं असेल तिथे थप्प. नाळेकडे ठण्ण ठण्ण, मधे आल्यावर थप्प. तळाला लांबीच्या दिशेने दोन लाकडी तुळया असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. वरून फायबरचं कातडं चढवलेलं असतं. इंजिन त्यांच्यावरच बोल्टने बसतं. एका ठिकाणी मी स्क्रू ड्रायव्हर दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर चहाच्या गाळासारखा काळा चोथा आला. इंजिनाची पुली हाताने फिरवून पाहिली. हलेना.

हिशोबाने ही बोट दहा वेळा बीईआर होती. मी म्हणालो, "साहेब, मार्चअखेरपर्यंत द्या मला."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. बोलावलं होतं कशाला आणि हा करतोय काय. साहेब एवढंच म्हणाले, "तुला कशाला बोलावलंय ते मला माहीत आहे, सुभेदार. तरी मार्च कबूल."

कॅन्टर रात्री दहाच्या पुढे आला, कारण दिवसा दिल्लीत ट्रकला बंदी. चौदा फुटी बॉडी, पंधरा फुटी बोट, मागे बांधलेलं लाल फडकं. कॉलनीतली दहा-बारा पोरं, वरच्या मजल्यावरचे सरदारजी आणि मी अशा सगळ्यांनी मिळून ती उतरवली, लाकडी ठोकळ्यांवर आणि जुन्या टायरांवर बसवली. सौ. रात्रपाळीहून सकाळी आली. दारात उभी राहून तिने शांतपणे विचारलं, "अहो, ही किती दिवसांची पाहुणी?" मी सांगितलं. तिने कागद-पेन्सिल काढली आणि त्या दिवसापासून खर्चाचा हिशोब तिच्याकडे गेला. शेजारचे मंत्रालयातले बाबू रोज ऑफिसला जाताना तोच विनोद करायचे, "सूबेदार साहब, बाढ़ आने वाली है क्या?"

आता थोडं या बोटीच्या जातीबद्दल. आम्ही सॅपर लोक ज्या बोटी वापरतो त्यांना मागे बाहेरून ओबीएम लटकवलेलं असतं. इंजिन, शाफ्ट, पंखा सगळं एकाच दांड्यावर. बिघडलं की उचललं, दुसरं लावलं. २००५ च्या पुरात सांगलीकडे याच इंजिनांवर आम्ही माणसं काढली. इनबोर्डचं तसं नाही. इंजिन बोटीच्या पोटात, जवळजवळ मध्यावर. तिथून शाफ्ट तिरका होऊन तळातून बाहेर पडतो आणि पंखा बोटीच्या खालीच फिरतो. स्कीइंगला हे दोन कारणांनी सोयीचं. वजन मधे असल्यामुळे बोट सपाट चालते आणि मागे उठणारी लाट बुटकी राहते, स्की करणाऱ्याला धक्के कमी. दुसरं म्हणजे पंखा मागे उघडा नसतो, पाण्यात पडलेल्या माणसाला त्यापासून धोका कमी.

हा खेळही तसा फार जुना नाही. १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युअलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने फळ्या पायाला बांधून पहिल्यांदा हे केलं. आणि यातला फौजी धागा मला साहेबांनीच सांगितला होता, मी रिक्रूट असल्यासारखा. फ्लोरिडात करेक्ट क्राफ्ट नावाची बोटींची कंपनी आहे. १९४५ च्या सुरुवातीला अमेरिकी फौजेला राइन ओलांडायला स्टॉर्म बोटी हव्या होत्या, तातडीने. या लोकांनी तीन आठवड्यांच्या आत तीनशेच्या वर प्लायवुडच्या बोटी बांधून दिल्या, आणि तेही रविवारची सुट्टी न मोडता. मार्चमध्ये राइन ओलांडली गेली. त्याच कंपनीने १९६१ पासून स्की नॉटिक नावाची स्कीइंगची बोट काढली आणि ती जगभर गेली. म्हणजे ज्या हातांनी सॅपरची बोट केली त्याच हातांनी खेळाची केली. मला हे ऐकून बरं वाटलं होतं. आपल्या धंद्याचा कुठेतरी संबंध असला की माणसाला बरं वाटतंच.

आमच्या बोटीचं इंजिन मात्र पक्कं देशी, अ‍ॅम्बेसेडरचं. १४८९ सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल. मूळ डिझाइन इंग्रजांचं, बीएमसीचं, आणि तिकडे याच इंजिनाचे बोटीसाठीचे अवतारही निघाले होते. कोणातरी हुशार माणसाने इथे तोच प्रयोग केला होता. रेडिएटर काढून तलावाचं पाणीच पंपाने ओढून इंजिनात फिरवायचं आणि सायलेन्सरवाटे बाहेर टाकायचं.

दिल्लीत हे इंजिन असणं म्हणजे नशीब. अ‍ॅम्बेसेडर २०१४ साली बंद झाली खरी, पण सरकारी गाड्यांवर आयुष्य घालवलेले मेकॅनिक अजून होते. शिवाय पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या दिल्लीत चालवू नयेत असा हरित लवादाचा हुकूम झालेला, त्यामुळे मायापुरीच्या भंगारात अ‍ॅम्बेसेडरचे सुटे भाग टोपल्यांनी मिळायचे. रिंग, गॅस्केट, बेअरिंग काश्मिरी गेटला. ग्लँडची डोरी चावडी बाजारात. मरीन प्लाय, आयएसआय ७१० चा शिक्का बघून, कीर्तिनगरला. आणि रेझिन, हार्डनर, काचेची मॅट तिलक बाजारात. अर्धी दिल्ली मी या बोटीपायी पाहिली. लाल किल्ला बघायला गेलो तो हातात पिस्टन रिंगांचं पुडकं घेऊन.

डिसेंबर लाकडात गेला. फायबरचं कातडं कापून दोन्ही तुळया खरवडून काढल्या. एक पोतं भरून ओला चोथा निघाला. नव्या तुळया सागाच्या केल्या, भोकाभोकात रेझिन भरून, कारण पाणी आत शिरतं ते बोल्टच्या भोकातूनच. रेझिनचं काम दिल्लीच्या थंडीत अवघड. सात-आठ डिग्रीला ते जमतच नाही, चिकट राहतं. म्हणून रविवारी बारा ते तीन एवढीच वेळ. रेझिनचा डबा आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवायचा, मग काम. सरदारजींचा मुलगा मदतीला यायचा, त्याला पहिल्या दिवशी एकच धडा दिला. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, नंतर हार्डनर. दोन्ही बाटल्या मी दोन वेगळ्या खिडक्यांत ठेवल्या होत्या. मुलगा म्हणाला, "अंकल, ये तो फौज जैसा है." मी म्हटलं, फौजच आहे.

वास मात्र फार यायचा. कॉलनीतून तक्रार गेली आणि इन्क्वायरीतला माणूस डायरी घेऊन आला. हे बांधकाम आहे का, अतिक्रमण आहे का, त्याला ठरवता येईना. त्याच्या फॉर्ममध्ये बोटीचा रकाना नव्हता. सौ.ने चहा दिला. त्याने 'ताडपत्री झाकून ठेवलेलं घरगुती सामान' असं काहीसं लिहिलं आणि गेला.

साहेब दर दुसऱ्या रविवारी यायचे. मॅडम गाडी चालवायच्या. कडुनिंबाखाली खुर्ची, अंगावर शाल, तोंडावर मास्क. बोलणं थोडं. जानेवारीत इंजिन घेतलं तेव्हा मात्र ते सकाळीच हजर. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन धरला होता. एक्झॉस्टच्या पाण्याच्या जॅकेटला आतून गंज लागून भोक पडलं होतं आणि तिथून पाणी सिलिंडरात उतरलं होतं. प्लग काढून रॉकेल आणि तेल ओतून मी आठ दिवस ठेवलं होतं. त्या दिवशी फ्लायव्हीलला पहार लावून पुढे-मागे, पुढे-मागे, जोर न करता. साहेब खुर्चीतून म्हणत होते, "घाई नको. त्याला सोडायचंय, तोडायचं नाही." चाळिसाव्या की पन्नासाव्या झोक्याला खर्र झालं आणि फ्लायव्हील बोटभर सरकलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

पुढचं महिनाभराचं काम सांगत बसत नाही. रिंगा, वॉल्व्ह घासून बसवणं, मायापुरीतल्या वेल्डरकडून स्टेनलेसचं नवं जॅकेट, पंपातला रबरी पंखा. हा पंखा पाण्याविना मिनिटभर फिरला तरी जळतो, म्हणून इंजिनाआधी पाणी, हा नियम. टॅपेट सेट करायची वेळ आली तेव्हा साहेब उठले. "हे मी करतो." पंधरा थाऊ. फीलर गेज त्यांनी हातात घेतलं आणि त्याची पाती खुळखुळायला लागली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी पातं फटीत जाईना. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो. सरदारजींचा मुलगा उगाच पाने पुसत होता. दोनेक मिनिटांनी साहेबांनी गेज माझ्यापुढे धरलं. "तू कर. मी ऐकतो."

आणि खरोखरच ऐकलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पाण्याच्या ड्रममधून पंपाला नळी जोडली, बाजूला आगीसाठी वाळूची बादली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साचते, म्हणून पाच मिनिटं ब्लोअर चालवला. इनबोर्ड बोटी पेटतात त्या बहुतेक इथेच घाई केल्यामुळे. मग स्टार्टर. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. कडुनिंबावरचे पोपट उडाले, बाबू बनियनवर बाहेर आले, मागच्या नळीतून पाणी थुंकल्यासारखं पडायला लागलं. साहेब मान एका बाजूला करून बसले होते. म्हणाले, "चौथा. एक्झॉस्ट. फट जास्त आहे." बंद केलं, मोजलं. अठरा थाऊ होती, सेट केल्यावर नट आवळताना सरकली असावी. पंधरा केली, पुन्हा लावलं. "आता बरोबर."

त्या संध्याकाळी मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "किती खर्च आला?" सौ.ने वहीच पुढे केली. त्र्याऐंशी हजार चारशे. मॅडम वही बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढ्यात नवी बोट नाही आली, पण भंगारवाला सहा हजार देत होता." मग पर्समधून चेकबुक काढलं. मी अर्धेच घेतले. बाकीचे का नाही घेतले ते त्यांनी विचारलं नाही.

मला कोणी विचारलं की परवडणारी दुरुस्ती कुठे संपते, तर फौजेचं उत्तर मला पाठ आहे आणि ते बरोबरच आहे. पण त्या उत्तरात वस्तूची किंमत धरतात ती बाजारभावाने. आपल्याच कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या लोकांनी १९८५ ते १९८७ मध्ये 'तृष्णा'वरून पृथ्वीला फेरी मारली. सदतीस फुटी बोट, आणि तीसुद्धा नवी कोरी नव्हे, वापरलेली. आपल्या देशाची ती पहिली फेरी. ती बोट कोणी खरेदीच्या दिवशी नुसत्या वयावरून तोलली असती तर? साहेबांना तृष्णाबद्दल बोलायला फार आवडायचं. मी विषय काढला की आवाज वाढायचा, हात विसरायचे.

मार्चअखेर बोट ट्रकवर चढली, गोव्याला निघाली. कॉलनीतली पोरं गेटपर्यंत ट्रकमागे पळाली. मोकळ्या जागेत गवताचा पिवळा पंधरा फुटी ठसा राहिला. तो पावसाळ्यात भरून आला.

गोव्याला मी गेलो डिसेंबरात, पंधरा दिवसांच्या सुट्टीत, कारण इंजिन आणि शाफ्टचं शेवटचं जुळवणं जमिनीवर होत नाही. ठोकळ्यांवर बोट एका आकारात बसते, पाण्यात वेगळ्या. दोन्ही कपलिंगमधली फट पाण्यात तरंगतानाच मोजायची, तीन थाऊच्या आत आणायची. घर हळदोण्याला नदीच्या जवळ. कागदपत्रं मुलीने कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात जाऊन करून ठेवली होती. मांडवीच्या पात्रात पलीकडे दिवाडी बेट आहे. तिथे रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 'म्हादेई' बांधली गेली, आणि तीच घेऊन आपले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वी फिरून आले. तीही लाकडाच्या गाभ्यावर फायबरचं कवच अशीच. साहेब रोज कोणाला ना कोणाला हे सांगायचे असं मुलगी म्हणाली. ते खूप वाळले होते. चालताना आता दोन माणसं लागायची.

भरतीला बोट पाण्यात सोडली. मी आत पालथा पडून फीलर गेज लावलं. खालच्या बाजूला पाच थाऊ. इंजिनाच्या मागच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवला, तीन आले. मग ब्लोअर, मग स्टार्टर. साहेबांना दोघांनी धरून पुढच्या सीटवर बसवलं, लाइफ जॅकेट घालून. सुकाणू मुलीकडे. स्कीइंग वगैरे काही नाही, नदीच्या पात्रात हळूहळू एक फेरी. पाणी मचूळ, म्हणून परतल्यावर गोडं पाणी फिरवून इंजिन धुवायचं हे तिला दोनदा बजावून सांगितलं.

अर्ध्यावर साहेबांनी मला खुणेने जवळ बोलावलं. इंजिनाच्या आवाजात त्यांचा आवाज ऐकू येईना, मी कान तोंडाजवळ नेला.

"ग्लँड बघ. किती गळतंय?"

शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथली डोरी थोडी गळलीच पाहिजे, त्या पाण्यानेच ती थंड राहते. कोरडी ठेवली तर शाफ्ट जाळते. मी टॉर्च लावून घड्याळ धरलं.

"मिनिटाला तीन थेंब, साहेब."

त्यांनी पुढे नदीकडे बघत मान हलवली. "ठीक आहे. राहू दे."